दोषांना न जुमानणारा लेसर

१९८२ साली टोकियो विद्यापीठातल्या यासुहिको अराकावा आणि हिरोयुकी साकाकी यांनी एका लेसरचं गणित प्रसिद्ध केलं. तो लेसर तेव्हा अस्तित्वात नव्हता, आणि तो बनवायचा कसा हेही कोणाला माहीत नव्हतं. गणिताचं म्हणणं असं होतं की, अर्धवाहकातल्या इलेक्ट्रॉनला लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही दिशांनी पुरेशा छोट्या जागेत कोंडलं, तर लेसर सुरू व्हायला लागणारी वीज तापमानाबरोबर बदलणार नाही. बाहेर कडाक्याची थंडी असो की मे महिन्यातलं ऊन, लेसर तेवढ्याच विजेवर चालेल. दोघं नुसत्या गणितावर थांबले नाहीत. त्यांनी एक नेहमीचा लेसर अतिशय शक्तिशाली चुंबकीय क्षेत्रात ठेवला. अशा क्षेत्रात इलेक्ट्रॉनला मोकळं आडवं फिरता येत नाही, त्यामुळे त्याच्या दोन दिशा बंद होतात. तापमानाचा परिणाम खरोखरच कमी झाला. निदान वाट बरोबर आहे, एवढं त्यातून कळलं.

आज असे लेसर कारखान्यात तयार होतात. पण या चार दशकांतली सर्वांत मोलाची कमाई तापमानाची नाही, असं मला वाटतं. अराकावा आणि साकाकी यांनी मागितलं होतं ते मिळवायला फार कष्ट पडले, आणि ते कष्ट चालू असताना कोणी न मागितलेलं काहीतरी हाती आलं: सदोष स्फटिकातही वर्षानुवर्षं टिकणारा लेसर. त्यामुळेच सिलिकॉनच्या चकतीवर थेट लेसर वाढवण्याची जुनी इच्छा आता आवाक्यात आली आहे.

लेसरला उष्णतेचं वावडं का?

आपण पाठवलेला फोटो, केलेला व्हिडिओ कॉल, बँकेचा व्यवहार, हे सगळं वाटेत कुठे ना कुठे काचेच्या तंतूतून प्रकाश बनून जातं. तो प्रकाश देणारा लेसर वाळूच्या दाण्याएवढा असतो. तो अर्धवाहकाचा बनलेला असतो आणि विजेवर चालतो.

त्याचं काम थोडक्यात असं. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनना राहायला ऊर्जेचे दोन पट्टे असतात, एक खालचा आणि एक वरचा. मधल्या दरीत इलेक्ट्रॉनला थारा नाही. वीज सोडली की वरच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन जमा होतात आणि खालच्या पट्ट्यात रिकाम्या जागा तयार होतात. या रिकाम्या जागांना होल म्हणतात. वरचा इलेक्ट्रॉन खालच्या होलमध्ये उतरला की दरीएवढी ऊर्जा प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, बनून बाहेर पडते. एलईडीत हेच घडतं. लेसरमध्ये एक पायरी पुढे जावं लागतं. वर पुरेसे इलेक्ट्रॉन साठले असतील, तर जाणारा एक फोटॉन दुसऱ्या इलेक्ट्रॉनला खाली उतरवतो आणि त्यातून अगदी आपल्यासारखाच दुसरा फोटॉन निर्माण करतो. दोनाचे चार, चाराचे आठ होत जातात. दोन टोकांना आरशासारखे पृष्ठभाग असतात, त्यांच्यामध्ये हा प्रकाश पुन्हा पुन्हा फिरून वाढतो.

ही वाढ प्रकाशाच्या गळतीवर मात करू लागली की लेसर सुरू होतो. त्यासाठी लागणाऱ्या किमान विजेला उंबरठा प्रवाह म्हणतात. उंबरठ्याखाली दिलेली वीज जवळपास वाया जाते, म्हणून लेसर बनवणाऱ्यांचा सगळा खटाटोप हा उंबरठा खाली आणण्यासाठी असतो.

आता उष्णतेचं पाहू. साध्या, जाड अर्धवाहकात पट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा सारखी नसते. काही तळाशी असतात, काही बरेच वर. तापमान चढलं की ते आणखी पसरतात. लेसरच्या प्रकाशाला मात्र एका ठरावीक ऊर्जेचेच इलेक्ट्रॉन उपयोगी पडतात. बाकीचे पट्ट्यात जमलेले असूनही त्या प्रकाशाच्या कामाचे नाहीत. त्यांची भरपाई करायला जास्त वीज द्यावी लागते, जास्त विजेने लेसर आणखी तापतो, आणि तापला की आणखी वीज मागतो.

हा परिणाम मोजायला एक आकडा वापरतात. त्याला टी-शून्य म्हणतात. टी-शून्य ६० केल्विन असेल, तर तापमान ६० अंशांनी वाढल्यावर उंबरठा साधारण २.७ पट होतो. दूरसंचारात वापरले जाणारे नेहमीचे इंडियम फॉस्फाइडचे लेसर याच पंक्तीतले. म्हणून कित्येक ठिकाणी त्यांच्या जोडीला विजेवर चालणारा छोटा शीतक बसवावा लागतो, आणि तो शीतक पुष्कळदा लेसरपेक्षाही जास्त वीज खातो. अराकावा आणि साकाकी यांच्या गणितात टी-शून्य अनंत होता, म्हणजे तापमानाने उंबरठा हलतच नव्हता.

जाड थरापासून ठिपक्यापर्यंत

पहिले अर्धवाहक लेसर १९६२ साली अमेरिकेत चालले. त्यांना द्रव नायट्रोजनने थंड करावं लागे आणि तेही वीज क्षणभराच्या ठोक्यांनी द्यावी लागे. एकाच पदार्थाचा जाड तुकडा असल्यामुळे इलेक्ट्रॉन इकडेतिकडे पसरून जात. १९६३ साली हर्बर्ट क्रोमर यांनी अमेरिकेत, आणि झोरेस अल्फेरोव्ह व रुडॉल्फ काझारिनोव्ह यांनी लेनिनग्राडमध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच उपाय सुचवला: मध्ये अरुंद दरीचा पदार्थ ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना रुंद दरीचे थर लावायचे, म्हणजे इलेक्ट्रॉन मधल्या थरात अडकून राहतील. १९७० साली अल्फेरोव्ह यांच्या गटाने, आणि काही आठवड्यांच्याच अंतराने बेल लॅबमधल्या इझुओ हयाशी व मॉर्टन पॅनिश यांनी, खोलीच्या तापमानाला अखंड चालणारा लेसर करून दाखवला. क्रोमर आणि अल्फेरोव्ह यांना २००० सालचं नोबेल मिळालं.

पुढची पायरी थर पातळ करण्याची. मधला थर दहा नॅनोमीटरच्या आसपास आणला की इलेक्ट्रॉनचा तरंगस्वभाव जाणवू लागतो. बंद जागेत त्या जागेत नेमके बसणारेच तरंग टिकतात, बाकीचे नाही. म्हणून उभ्या दिशेत इलेक्ट्रॉनला कुठलीही ऊर्जा घेता येत नाही, ठरावीकच घेता येते. अशा थराला क्वांटम वेल म्हणतात. त्याने उंबरठा झपाट्याने उतरला. अल्फेरोव्ह यांच्या गटाचेच आकडे घेतले, तर १९६८ मध्ये दर चौरस सेंटीमीटरला ४,३०० अँपिअर लागत होते, ते १९८८ मध्ये ४० वर आले. आजचे बहुतेक अर्धवाहक लेसर क्वांटम वेलचेच आहेत.

वेलमध्ये एक दिशा बंद असते, दोन मोकळ्या असतात. त्या दोन दिशांत इलेक्ट्रॉन हिंडतो आणि ऊर्जेचा पसारा उरतोच. तिन्ही दिशा बंद केल्या की उरतो तो क्वांटम डॉट. त्यात इलेक्ट्रॉनला अणूत असतात तशा सुट्या, नेमक्या पातळ्या मिळतात आणि सर्वांत खालच्या पातळीवर जास्तीत जास्त दोनच इलेक्ट्रॉन मावतात. भरायला दोनच जागा असल्याने थोड्या विजेत काम भागतं. शिवाय पुढची पातळी पुरेशी लांब असेल, तर खोलीच्या तापमानाची उष्णता इलेक्ट्रॉनला तिथवर उचलू शकत नाही. १९८२ च्या गणिताचा सगळा जोर यावरच होता.

डॉट कसे वाढतात

सुरुवातीला लोकांनी सरळ मार्ग धरला. क्वांटम वेल वाढवायची आणि ती कोरून तिचे छोटे खांब करायचे. पण काही नॅनोमीटरच्या खांबाला पृष्ठभागच जास्त असतो, आणि कोरताना तो पृष्ठभाग इजा झालेला, तुटक्या बंधांचा असतो. इलेक्ट्रॉन तिथेच मरत. प्रकाश जवळजवळ मिळेना.

उत्तर आलं स्फटिकवाढीच्या एका जुन्या अभ्यासातून. बल्गेरियातल्या सोफिया शहरात इव्हान स्त्रान्स्की आणि ल्युबोमिर क्रस्तानोव्ह यांनी १९३८ च्या सुमारास एका स्फटिकावर दुसरा स्फटिक कसा वाढतो, याचा विचार मांडला होता. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही वाढ अशी होते: गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर इंडियम आर्सेनाइड वाढवायला घेतलं, तर दोघांच्या अणूंमधल्या अंतरात सुमारे ७ टक्क्यांचा फरक असतो. पहिला थर खालच्या स्फटिकाशी जुळवून घेण्यासाठी आक्रसून बसतो. ताण साठत जातो. दीड-पावणेदोन अणुथर झाले की सपाट राहणं परवडत नाही, आणि अणू स्वतःहून एकत्र येऊन उंचवटे करतात. उंचवट्याच्या माथ्याला पसरायला मोकळीक असते, म्हणून ताण हलका होतो. ही बेटं तळाशी साधारण २० नॅनोमीटर रुंद आणि पाच-सात नॅनोमीटर उंच. वरून पुन्हा गॅलियम आर्सेनाइडचा थर दिला की बेटं स्फटिकाच्या पोटात बंद होतात. कोरणं नाही, तुटका पृष्ठभाग नाही. एका चौरस सेंटीमीटरवर अशी काही हजार कोटी बेटं उगवतात.

हे सगळं घडतं अतिनिर्वात पात्रात, पाचेकशे अंश सेल्सिअसला तापवलेल्या चकतीवर, अणूंच्या झोतांखाली. काम करणाऱ्याला बेट डोळ्यांनी दिसत नाही. पृष्ठभागावर अगदी तिरका सोडलेला इलेक्ट्रॉनचा झोत समोरच्या पडद्यावर चित्र उमटवतो. थर सपाट असेतो त्या चित्रात लांब रेघा दिसतात, बेटं उठू लागली की काही सेकंदांत रेघांचे ठिपके होतात. त्या क्षणी इंडियमची झडप बंद करायची. क्षणभर उशीर झाला तर बेटं फुगतात, त्यांच्यात दोष पडतात आणि लेसरच्या दृष्टीने ती निकामी होतात. मुंबईत पवईच्या आयआयटीतही इंडियम आर्सेनाइडचे असे डॉट वाढवले जातात, तिथे मुख्य भर अवरक्त किरण टिपणाऱ्या डिटेक्टरवर राहिला आहे.

या बेटांकडे आधी वाढीतला बिघाड म्हणूनच पाहिलं जाई. चांगला स्फटिक म्हणजे आरशासारखा सपाट स्फटिक, अशी सवय होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा दृष्टिकोन बदलला, आणि १९९४ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातला डीटर बिमबर्ग यांचा गट व सेंट पीटर्सबर्गची इऑफे संस्था यांनी मिळून अशा बेटांवर विजेने चालणारा लेसर केला. अतिथंड अवस्थेत त्याचा टी-शून्य ३५० केल्विन निघाला. सिद्धान्त खरा ठरत होता. मात्र खोलीच्या तापमानाकडे येता येता ती करामत गळून पडली.

जे ठरलं होतं तसं घडलं नाही

याची कारणं दोन, आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. एक म्हणजे बेटं एकसारखी नसतात. आपोआप उगवलेली असल्यामुळे कुणी एक अणुथर उंच, कुणी थोडं बुटकं. बेटाचा आकार बदलला की त्याच्या पातळ्या बदलतात आणि प्रकाशाची तरंगलांबीही. गणितातले सगळे डॉट एका मापाचे होते. प्रत्यक्षात कोट्यवधी डॉटपैकी थोडेच एका वेळी लेसरच्या नेमक्या रंगाला हातभार लावतात. म्हणून एका थराऐवजी पाच ते दहा थर एकावर एक रचावे लागतात.

दुसरं कारण होलचं. इलेक्ट्रॉनच्या पातळ्यांमध्ये ऐसपैस अंतर असतं, पण होल वजनाने जड असल्याने त्यांच्या पातळ्या दाटीवाटीने असतात. खोलीच्या तापमानाची उष्णता होलना सहज वरच्या पातळ्यांत विखरून टाकते. इलेक्ट्रॉन जागेवर आहे, पण त्याचा जोडीदार नाही, अशी अवस्था होते. टेक्सास विद्यापीठातले डेनिस डेप आणि ओलेग श्चेकिन यांनी २००२ मध्ये यावर उपाय केला: डॉटजवळच्या थरात आधीच अशी भेसळ घालायची की जादा होल तिथे कायम हजर असतील. काही होल उष्णतेने हलले तरी खालची पातळी भरलेलीच राहते. टी-शून्य १६० केल्विनच्या घरात गेला. मिशिगन विद्यापीठात पल्लब भट्टाचार्य यांच्या गटाने याला आणखी एक जोड दिली. इलेक्ट्रॉनना वरून कोसळू न देता शेजारच्या पातळ थरातून थेट डॉटच्या पातळीवर शिरवायचं. त्यामुळे काही तापमानांच्या पट्ट्यात उंबरठा जवळजवळ हललाच नाही.

याच सुमारास रंगाचाही प्रश्न सुटला. काचेच्या तंतूसाठी बऱ्याचदा १.३ मायक्रोमीटरचा प्रकाश लागतो, आणि गॅलियम आर्सेनाइडवरच्या वेलमधून तेवढी लांब तरंगलांबी मिळवणं कठीण. म्हणून दूरसंचाराचे लेसर महाग आणि ठिसूळ इंडियम फॉस्फाइडवर बनत आले. डेप यांच्याच प्रयोगशाळेने १९९८ मध्ये डॉट वापरून गॅलियम आर्सेनाइडवर खोलीच्या तापमानाला १.३ मायक्रोमीटर गाठलं.

२००४ मध्ये फुजित्सु ही जपानी कंपनी आणि टोकियो विद्यापीठ यांनी २० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालवणाऱ्या विजेत काहीही फेरबदल न करता सेकंदाला १० गिगाबिट वेगाने संदेश पाठवणारा डॉट लेसर दाखवला. त्यातून २००६ साली क्यूडी लेसर ही कंपनी उभी राहिली. तिच्या अभियंत्यांनी २०११ मध्ये २२० अंश सेल्सिअसला अखंड चालणारा लेसर सादर केला. त्या तापमानाला शिशाची नेहमीची डाखही वितळते. वीस वर्षं उशिरा का होईना, पण टोकियोतल्या त्या गणिताला टोकियोच्या परिसरातच उत्तर मिळालं.

सिलिकॉनवर लेसर

इथून पुढचा भाग मला सर्वांत जास्त भावतो.

संगणकाच्या चिप सिलिकॉनच्या. त्या बनवणारे कारखाने, यंत्रं, ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या, सगळं सिलिकॉनसाठी उभं आहे. पण सिलिकॉन प्रकाश देत नाही. त्यातल्या वरच्या पट्ट्याच्या तळाशी असलेल्या इलेक्ट्रॉनचा संवेग आणि खालच्या होलचा संवेग जुळत नाही. खाली उतरायचं तर स्फटिकाच्या कंपनाची मदत लागते, आणि ती मिळेतो ऊर्जा बहुतेक वेळा उष्णता होऊन निघून जाते. सिलिकॉन प्रकाश वाहून नेतो, वळवतो, वेगाने चालू-बंदही करतो. निर्माण मात्र करत नाही.

मग सिलिकॉनवर गॅलियम आर्सेनाइड वाढवावं, असं कोणालाही सुचेल. १९८० च्या दशकात पुष्कळांनी ते केलं. दोघांच्या अणूंच्या अंतरात ४ टक्क्यांची तफावत आहे, आणि उष्णतेने प्रसरण पावण्यात दुपटीहून जास्त. वाढवताना ताण, थंड करताना पुन्हा ताण. त्यातून स्फटिकात अणूंच्या रांगा चुकलेल्या रेषा पडतात आणि त्या थरांमधून वर वर चढत जातात. काळजी न घेता वाढवलं, तर एका चौरस सेंटीमीटरला अशा शंभर कोटी किंवा त्याहून जास्त दोषरेषा. मध्ये ताणाचे गाळणथर घालून, तापवून-थंड करून त्या कोटीभरावर किंवा त्याखाली आणता येतात, पण शून्य होत नाहीत.

दोषरेषेपाशी इलेक्ट्रॉन आणि होल प्रकाश न देताच भेटतात. सुटलेली ऊर्जा आसपासच्या अणूंना मिळते आणि त्या धक्क्यांनी दोषरेषा आणखी वाढते. म्हणजे लेसर चालवणं हेच त्याला मारणं. सिलिकॉनवरचे क्वांटम वेल लेसर थोड्याच तासांत मंदावून बंद पडत. वेलच्या सलग थरात इलेक्ट्रॉन आडवे फिरायला मोकळे असल्याने दूरदूरचे इलेक्ट्रॉनही दोषापर्यंत पोचतात.

डॉटमध्ये ते पोचत नाहीत. कोकणात भाताच्या खाचरांना बांध असतात. खेकड्याने एका बांधाला भोक पाडलं तर त्या एका खाचराचं पाणी जातं, शेजारची खाचरं भरलेली राहतात. सगळं शेत सलग असतं तर त्याच एका भोकाने सगळं पाणी ओढून नेलं असतं. बेटात शिरलेला इलेक्ट्रॉन बेटातच राहतो. शेजारी दोषरेषा आहे याचा त्याच्यावर फरक पडत नाही.

हिशेब करून पाहा. एका चौरस सेंटीमीटरवर समजा ५,००० कोटी डॉट आणि १ कोटी दोषरेषा. म्हणजे पाच हजार डॉटमागे एक दोषरेषा. दोन दोषरेषांमध्ये सरासरी तीन मायक्रोमीटर अंतर, तर दोन डॉटमध्ये ४५ नॅनोमीटर. थोडे डॉट कामातून जातात, बाकीचे जणू निर्दोष स्फटिकात आहेत. त्यात भर म्हणजे डॉटभोवतीचा ताण दोषरेषेला वाढण्यापासून काही प्रमाणात रोखतो. आपोआप, वेड्यावाकड्या आकारात उगवलेल्या या बेटांचा तुटकपणाच इथे उपयोगी पडला.

मिशिगनच्या गटाने १९९९ मध्येच सिलिकॉनवर डॉट लेसर वाढवून पाहिला होता. पुढे दोन ठिकाणी हे काम चिकाटीने झालं. एक लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, जिथे हुइयुन लिऊ यांचा गट आहे, आणि दुसरं कॅलिफोर्नियातलं सँटा बार्बरा, जिथे जॉन बाउवर्स आणि आर्थर गोसार्ड यांच्या गटांनी ते केलं. लंडनच्या गटाने कार्डिफ आणि शेफील्डच्या सहकाऱ्यांबरोबर २०१६ मध्ये दिलेले आकडे माझ्या लेखी या क्षेत्राचं वळण आहेत: सिलिकॉनवर थेट वाढवलेला लेसर, उंबरठा दर चौरस सेंटीमीटरला ६२.५ अँपिअर, खोलीच्या तापमानाला १०५ मिलिवॉटहून जास्त प्रकाश, १२० अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा. ३,१०० तास अखंड चालवून जे मोजलं, त्यावरून काढलेलं अंदाजे आयुष्य १ लाख तासांवर. तासांत मरणाऱ्या लेसरांच्या जागी अकरा वर्षं टिकण्याची अपेक्षा. सँटा बार्बराच्या गटाने पुढे दोषरेषा आणखी घटवून ८० अंश सेल्सिअसला, म्हणजे खऱ्या वापरातल्या उष्णतेला, दीर्घ आयुष्य दाखवलं.

ही ८० अंशांची गोष्ट कागदी नाही. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात उभी राहिलेली डेटा सेंटर बाहेरून गोदामांसारखी दिसतात, पण आत हजारो चिप एकमेकींशी सतत बोलत असतात. एआयची गणितं चालवणाऱ्या यंत्रांत तर चिपपासून चिपपर्यंत माहिती नेण्यातच विजेचा मोठा वाटा जातो. तांब्याच्या तारेऐवजी प्रकाश वापरायचा, तर लेसर चिपच्या जितका जवळ येईल तितकं बरं. आणि चिपच्या जवळ म्हणजे उकाड्यात. तिथे प्रत्येक लेसरला शीतक लावत बसणं परवडणारं नाही.

दुसरा मार्ग आहे आणि तो बाजारात आहेही: इंडियम फॉस्फाइडचे तुकडे सिलिकॉनवर चिकटवायचे. सँटा बार्बरा आणि इंटेल यांनी २००६ मध्ये असा लेसर दाखवला, आणि इंटेलने पुढे त्यावर आधारलेली उत्पादनं काढली. ती चांगली चालतात. पण त्यासाठी आधी महाग चकती वाढवायची आणि मग तिचा बराचसा भाग फेकून द्यायचा. थेट वाढवण्यात ही नासाडी नाही, म्हणून मला तो मार्ग जास्त दूरचा वाटला तरी जास्त योग्य वाटतो.

डॉटचा आणखी एक गुण सिलिकॉनवर कामी येतो. लेसरमधून निघालेला प्रकाश पुढच्या एखाद्या जोडावर आपटून थोडासा परत आला, की नेहमीचा लेसर बिथरतो, त्याचा रंग आणि तीव्रता डळमळते. म्हणून त्याच्यापुढे प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग बसवतात. त्यात चुंबकीय पदार्थ लागतो आणि तो चिपवर बसवणं फार अवघड. डॉट लेसरमध्ये इलेक्ट्रॉनची संख्या हलली तरी प्रकाशाचा रंग फारसा हलत नाही, त्यामुळे परत आलेला प्रकाश तो बराच सोसतो. तो भाग गाळता आला, तर एक मोठी अडचण दूर होते.

आणि डॉटच्या आकारातली ती विषमता? तिचाही उपयोग सापडला. वेगवेगळ्या मापाचे डॉट म्हणजे वेगवेगळे रंग. एकाच लेसरमधून ठरावीक अंतरावरचे अनेक रंग काढायचे, आणि प्रत्येक रंगावर वेगळा संदेश चढवायचा. सँटा बार्बराच्या गटाने २०१९ मध्ये सिलिकॉनवरच्या एका डॉट लेसरमधून २० गिगाहर्ट्झ अंतरावरचे रंग काढून सेकंदाला एकूण ४.१ टेराबिट माहिती पाठवता येते, हे दाखवलं. अनेक लेसरांची जागा एकाने घेतली.

सगळ्याच बाबतींत डॉट पुढे आहेत असं समजू नये. थेट वीज चालू-बंद करून वेगाने संदेश पाठवण्यात आजही क्वांटम वेल सरस आहे. इलेक्ट्रॉनला डॉटमध्ये उतरायला वेळ लागतो आणि एका डॉटमधून मिळणारी प्रकाशाची वाढ मर्यादित असते. माझ्या मते डॉटने ती शर्यत लावूच नये. त्याने शांतपणे अखंड प्रकाश द्यावा, संदेश चढवायचं काम सिलिकॉनवरच्या मॉड्युलेटरने करावं.

डॉटचं एक वेगळं घराणंही आहे, द्रावणात रसायनांनी बनवलेल्या कणांचं. क्यूएलईडी टीव्हीतले डॉट हेच, आणि अलेक्सी एकिमोव्ह, लुई ब्रूस व मुंगी बावेंडी यांना २०२३ चं रसायनाचं नोबेल मिळालं तेही मुख्यतः याच वाटेवरच्या कामासाठी. शाईसारखा फासता येणारा लेसर हे त्यांचं आकर्षण. पण त्या इवल्या कणात इलेक्ट्रॉन-होलच्या दोन जोड्या एकत्र आल्या की एक जोडी आपली ऊर्जा प्रकाशाऐवजी शेजाऱ्याला देऊन टाकते, सेकंदाच्या अब्जांशाहूनही पुष्कळ कमी वेळात. अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेतल्या व्हिक्टर क्लिमोव्ह यांच्या गटाने कणाचा गाभा आणि कवच यांच्यातली सीमा हळूहळू बदलती ठेवून ही गळती कमी केली, आणि २०२३ मध्ये अशा कणांच्या थरात विजेने प्रकाशवाढ घडवून दाखवली.

सिलिकॉनवरच्या डॉटपुढचा प्रश्न आता भौतिकशास्त्रापेक्षा बांधकामाचा जास्त आहे. दोषरेषा गाळणारे थर काही मायक्रोमीटर जाड, त्यामुळे लेसर चिपच्या पृष्ठभागापासून उंचावर बसतो आणि प्रकाश वाहणारी सिलिकॉनची वाट खाली राहते. म्हणून चिपमध्ये आधी खोलगट खड्डे कोरायचे, त्यांच्या तळापासून लेसर वाढवायचा आणि डॉटचे थर नेमके त्या वाटेच्या पातळीवर आणायचे. ३०० मिलिमीटरच्या चकत्यांवर अशा खड्ड्यांत डॉट लेसर चालल्याचं २०२२ मध्ये दाखवलं गेलं आहे. खड्ड्याच्या कडेला लेसर आणि वाट यांच्यात काही मायक्रोमीटरची फट उरते, तिथे बराच प्रकाश सांडतो. ती फट भरून काढणं आणि खड्ड्यात वाढलेला लेसर सपाट चकतीवरच्या लेसरइतका टिकवणं, यावर सध्या काम चालू आहे.